आधी दुखण्याचे नाव, मग औषधाचे

थंडीची चाहूल लागली की मराठी घरांत दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक डिंकाच्या लाडवांची तयारी आणि दुसरी गुडघ्यांची कुरकुर. तळलेल्या डिंकाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास घरभर पसरलेला असतो, आणि त्याच वेळी घरातले कोणी तरी जमिनीवरून उठताना "अगं आई गं" म्हणत भिंतीचा आधार शोधत असते. मग सल्ल्यांना ऊत येतो. शेजारच्या काकू सुंठ आणि एरंडेल सुचवतात, मामा गुग्गुळाच्या गोळ्यांचे गुणगान करतात, अमेरिकेहून आलेला भाचा बॅगेतून ग्लुकोसामाइनची भली मोठी बाटली काढून देतो. एखादे हितचिंतक तर जवळ येऊन हळूच सांगतात, "आमच्या ओळखीचा एक माणूस पुडी देतो. तीन दिवसांत माणूस धावायला लागतो!"

हे सारे सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात. त्यांतले काही चांगलेही असतात. मात्र एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, हे दुखणे नक्की कोणते? या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोघी बहिणी, एकच उपचार

१९९७ च्या हिवाळ्यात माझी आई आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, या दोघींचेही सांधे एकाच सुमारास दुखू लागले. आई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, मावशी त्रेचाळीस. आईचे गुडघे जिना चढताना दुखत. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटे पाय धरलेले असत, चालू लागली की मोकळे होत. मावशीचे तसे नव्हते. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची पेरे आणि मनगटे सुजत. सकाळी तिला स्वतःची वेणी घालता येत नसे, दहा वाजेपर्यंत मूठ वळत नसे. अंगात कसकस असे, भूक मेली होती, वजन उतरत चालले होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी दोघींच्या दुखण्याला एकच नाव दिले, 'वात'. उपचारही दोघींना एकच. निर्गुंडीचे तेल, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, रात्री हळदीचे दूध आणि सकाळी डिंकाचा लाडू.

आईला बरे वाटले. मावशीला वाटले नाही. सहा महिने वाट पाहून झाल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून बाजाराच्या गावी बसणाऱ्या एका माणसाकडून पुड्या आणल्या गेल्या. 'शुद्ध जडीबुटी' एवढीच त्यांची ओळख. चौथ्या दिवशी मावशी आपल्या हातांनी भाकरी थापू लागली, तेव्हा सारे घर थक्क झाले. दीड वर्ष पुड्या चालू राहिल्या. तिचा चेहरा गोल झाला, तेव्हा लोक म्हणाले, तब्येत सुधारली! पुढे रक्तात साखर निघाली. मग एका पावसाळ्यात रस्ता बंद झाल्याने आठवडाभर पुड्या मिळाल्या नाहीत, आणि मावशीला उलट्या होऊ लागल्या, रक्तदाब कोसळला, ती अंथरुणातून उठेना. जिल्ह्याच्या गावी इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "बाई, पुडी किती दिवस घेताय?"

पुडीत स्टेरॉइड असणार, असे त्यांचे निदान होते. तिची सारी लक्षणे तेच सांगत होती. स्टेरॉइड हे खरे तर मोलाचे औषध आहे. परंतु ते बाहेरून सतत मिळू लागले की शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात, आणि ते एकाएकी बंद झाले की जिवावर बेतते. मावशी वाचली. बोटे मात्र वाचली नाहीत. तिला झाला होता तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुडीने दुखणे दडपले होते, पण आत सांध्यांची हाडे खाल्ली जात होती. योग्य औषध मिळाले तेव्हा बोटे वाकडी झालेली होती, ती तशीच राहिली.

'वात' एक, रोग अनेक

सांधेदुखी ही काही मूठभर लोकांची तक्रार नाही. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कार्यक्रमाचा तो भाग होता. चार हजारांवर प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा पाठ यांचे दुखणे होते. त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे झिजेचे, श्रमाचे वा अंगदुखीचे. आमवाताचे प्रमाण साधारण दोनशे प्रौढांत एक. म्हणजे सांधेदुखीवाल्यांच्या गर्दीत आमवाताचा रोगी सहज हरवून जातो. धोका नेमका इथेच आहे.

ढोबळमानाने चार दुखणी ओळखता आली तरी पुष्कळ. पहिले झिजेचे. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा विरळ होते, श्रमाने दुखते, विश्रांतीने थांबते, आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. हातापायांचे लहान सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळचा ताठरपणा तास-तास राहतो आणि विश्रांतीने बरे वाटण्याऐवजी वाईट वाटते. तिसरा गाउट. रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात आणि एखाद्या रात्री पायाच्या अंगठ्याचा सांधा असा लालभडक होतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. चौथे तापानंतरचे. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी चिकुनगुनियाची ही सांधेदुखी महिनोन् महिने अनुभवली.

हा भेद आपल्याला परका आहे असेही नव्हे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत संधिगत वात, आमवात आणि वातरक्त ही वेगवेगळी दुखणी मानली आहेत. 'माधवनिदान' या ग्रंथात तर आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. आमवाताच्या सुजऱ्या सांध्याला सरसकट तेल चोळू नये, असे जाणते वैद्य आजही सांगतात. हा विवेक पोथीत राहिला आणि घरात फक्त 'वात' हा शब्द उतरला.

हळदीचे खरे बळ किती?

घरगुती उपायांत पहिला मान अर्थात हळदीचा. ही हळद एकदा परदेशी गेली होती, हे वाचकांना आठवत असेल. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या विजयाचा अभिमान रास्तच आहे. पण हळदीवरचा हक्क सिद्ध होणे वेगळे आणि हळदीने गुडघा बरा होणे वेगळे.

हळदीतील दाह कमी करणारा मुख्य घटक म्हणजे कुर्क्युमिन. हळदीच्या पुडीत तो साधारण तीन टक्के असतो. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम, हळदीतून शंभर मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि मिळतो त्यातला फारच थोडा रक्तात उतरतो. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की मिऱ्यातील पायपरिन सोबत दिले तर त्याचे शोषण अनेक पटींनी वाढते. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच.

थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. हळदीचा अर्क रोज दीड ग्रॅम घेणाऱ्यांना चार आठवड्यांत आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला, आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. हे आशादायक आहे. मात्र हा अर्क होता, स्वयंपाकघरातील हळद नव्हे. अर्क काढला, मात्रा वाढवली, शोषण वाढवले की हळद ही मसाल्याच्या डब्यातून उठून औषधाच्या कपाटात जाऊन बसते, आणि औषधाचे दोषही तिला चिकटतात. अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या. इटलीने २०२२ साली या गोळ्यांच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक केले. भाजी-आमटीतल्या हळदीला असे भय नाही. रात्रीचे हळदीचे दूधही सुखाने घ्यावे, पण ते दूध म्हणून. औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

सालईचा डिंक आणि लाडवातला डिंक

लाडवातल्या डिंकाविषयी एक समज घरोघर आहे. तो म्हणे सांध्यांत जाऊन वंगणासारखे काम करतो. तसे काही होत नाही. खाण्याचा डिंक हा एक प्रकारचा तंतुमय पदार्थ आहे. तो आतड्यापर्यंत जातो, गुडघ्यापर्यंत नाही. लाडू पौष्टिक आहे, बाळंतिणीला आणि अशक्त माणसाला तो हवाच. मात्र ज्यांचे वजन आधीच जास्त आहे, त्यांच्या गुडघ्यावर तूप-गुळाचा हा रोजचा लाडू उपकार करत नाही.

दुसरा एक डिंक मात्र अभ्यासण्याजोगा निघाला. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या रानात सालईची झाडे आहेत. तिच्या खोडातून पाझरणाऱ्या सुवासिक डिंकाला आयुर्वेदात शल्लकी म्हणतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर तिचा प्रयोग करून २००३ साली निष्कर्ष मांडले. दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. शल्लकीने वेदना आणि सूज कमी होऊ शकते. झिजलेली कूर्चा परत येते असे नव्हे. "गुडघा नवा करून देतो" असे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

याहून मोठा प्रयोग डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांना चोवीस आठवडे वेगवेगळी औषधे देण्यात आली. काहींना सुंठ, गुळवेल, आवळा आणि शल्लकी यांचे मिश्रण किंवा त्यासारखेच दुसरे, काहींना ग्लुकोसामाइन, काहींना सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. कोणाला काय दिले, हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. आयुर्वेदीय मिश्रणे बाकीच्यांच्या तोडीस तोड उतरली. परंतु ती घेणाऱ्यांपैकी बारा जणांच्या रक्ततपासणीत यकृताचा एक घटक वाढलेला आढळला; काहींचे औषध थांबवावे लागले आणि मग तो पूर्ववत झाला. संशोधकांनी रक्त तपासले म्हणून हे कळले. घरी मनाने काढा घेणाऱ्याचे रक्त कोण तपासणार?

धातूंच्या भस्मांबाबत तर अधिकच सावध राहावे. महायोगराज गुग्गुळात शिसे आणि पारा यांच्यापासून बनवलेली औषधे असतात. वैद्याच्या देखरेखीवाचून महिनोन् महिने घेण्याची ती वस्तू नव्हे.

परदेशी बाटल्यांचे काय?

भाच्याने आणलेल्या ग्लुकोसामाइनची परीक्षा अमेरिकेनेच घेतली. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवरील त्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांचा एकंदरीत फायदा औषधाचा अंशही नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय ठरला नाही. गंमत अशी की त्या पोकळ गोळीनेसुद्धा शंभरांतल्या साठ जणांचे दुखणे निदान एक पंचमांशाने कमी झाले होते. गुडघ्याचे दुखणे मुळातच भरती-ओहोटीसारखे असते. ते अगदी वाढले की माणूस औषध सुरू करतो, ओहोटी आपोआप येते, आणि श्रेय त्या आठवड्यात घेतलेल्या गोळीला मिळते. "मला गुण आला" असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांनी श्रेय कोणाला द्यायचे, एवढेच चुकलेले असते.

माशांच्या तेलाचा अनुभव थोडा बरा आहे. आमवातात त्यातील ओमेगा-३ मुळे सकाळचा ताठरपणा आणि वेदना काहीशी कमी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले. पण त्यासाठी दिवसाला अडीच-तीन ग्रॅम ओमेगा-३ लागते, आणि नेहमीच्या एक ग्रॅमच्या गोळीत ते जेमतेम तीनशे मिलिग्रॅम असते. एका गोळीवर समाधान मानणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. कोकणातल्या माणसाला बांगडा आणि तारली आहेतच. शाकाहारी घरात जवसाची चटणी चांगली, पण जवसातल्या मेदाचे शरीरात माशातल्यासारख्या मेदात रूपांतर फार थोडे होते. मुख्य म्हणजे, हे सारे मूळ औषधाच्या जोडीला घ्यायचे, त्याच्या जागी नव्हे.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक?

निसर्गातले ते चांगले आणि कारखान्यातले ते वाईट, अशी सोपी वाटणी आपण करून टाकली आहे. ॲस्पिरिनचे मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडांची साल युरोपात तापावर आणि दुखण्यावर वापरत. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत १८९७ साली जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲस्पिरिन तयार केले. गाउटवरचे कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीतही असते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले सुंदर दिसतात, पण तिचा कंद पोटात गेला तर प्राण जाऊ शकतात. बिब्बा लावून घेणारे आजही आहेत. त्याने उठणारे फोड मधुमेही माणसाला महागात पडतात.

अर्थात कारखान्यातल्या गोळ्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. रोफेकॉक्सिब हे गाजलेले वेदनाशामक हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून २००४ साली बाजारातून मागे घेण्यात आले. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेऊन जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या धास्तीने लोक पुडीकडे वळतात. पण पुडीवर आत काय आहे हे लिहिलेले नसते. सांधेदुखीच्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. तेव्हा एक खूणगाठ बांधावी. जे 'जडीबुटीचे' चूर्ण दोन-चार दिवसांत जादू करते, ते जडीबुटीचे नसण्याचीच शक्यता अधिक.

ज्यांना खर्च नाही असे उपाय

गंमत म्हणजे झिजेच्या गुडघेदुखीवर सर्वांत भक्कम पुरावा ज्या उपायांच्या बाजूने आहे, त्यांना बाटली नाही आणि जाहिरातही नाही. पहिला उपाय वजन. एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दुसरा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली आणावा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. तिसरा, रोजचे चालणे. दुखते म्हणून बसून राहिले की स्नायू ढिले पडतात आणि मग अधिक दुखते.

शेक आणि तेल यांनाही त्यांची जागा आहे. आखडलेल्या गुडघ्याला ओव्याच्या पुरचुंडीची ऊब सुखावते, निर्गुंडीच्या तेलाने हलक्या हाताने चोळले तर बरे वाटते. मिरचीतल्या तिखट द्रव्याचे मलम तर आधुनिक वैद्यकानेही स्वीकारले आहे. मात्र सांधा लाल, गरम आणि टरटरून सुजलेला असेल तर शेकू नये, रगडू नये. त्याला थंड पट्टी आणि डॉक्टर, या दोहोंची गरज असते.

आणि डॉक्टर केव्हा? सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहत असेल, लहान सांधे सुजत असतील, सोबत ताप वा वजनात घट असेल, किंवा सहा आठवड्यांत उतार पडत नसेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून संधिवाताच्या जाणकाराकडे जावे. एखादा सांधा एकाएकी सुजून ताप भरला तर त्याच दिवशी जावे. आमवातात पहिले काही महिने सोन्याच्या मोलाचे असतात; त्या काळात मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू झाले तर बोटे वाचू शकतात. डॉक्टरांना आपण घेत असलेले काढे, गोळ्या, चूर्णे सारे दाखवावे. लाजू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हळदीच्या अर्काच्या वा माशांच्या तेलाच्या गोळ्यांची माहिती त्यांना हवीच. आणि पुडी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नये, पुडीसकट डॉक्टरांकडे जावे.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे दुखतात, पण रोज सकाळी ती खुर्चीत बसून पायाचा व्यायाम करते आणि काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येते. मावशी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेते. बरीच वर्षे तिच्या सांध्यांना नवी सूज नाही. दर थंडीत दोघी मिळून डिंकाचे लाडू करतात. मावशी डिंक निवडते, गुळाच्या पाकाकडे लक्ष ठेवते. लाडू वळायची वेळ आली की परात आईकडे सरकवते. तिच्या बोटांना लाडू वळता येत नाही.